सासूबाईंची जोडवी

हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडून मनातल्या मनातसुद्धा मी ते कधी पूर्ण वाक्यात म्हटलेलं नाही. अर्धं वाक्य झालं की मला काहीतरी काम आठवतं – दूध फ्रिजमध्ये ठेवलं का, ओव्हन बंद केला का. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल तर? तर यापुढे तुमची चांदी माझ्याकडे आणणार नाही, एवढंच.

हो, चांदी. न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळात माझं नाव चांदीवाली काकू. गौरी-गणपती जवळ आले की बायका डबे घेऊन माझ्या दारात हजर. गौरींचे दागिने, मुलींचे पैंजण, कमरेचे छल्ले – वर्षभर कपाटात पडून सगळं काळंठिक्कर झालेलं. मी त्यांना किचनमध्ये बसवते आणि शिकवते. टूथपेस्ट घासू नका, बारीक ओरखडे पडतात. पसरट भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरा, दागिना फॉइलला टेकला पाहिजे, वर चमचाभर बेकिंग सोडा आणि उकळतं पाणी. मोती किंवा लाख असेल तर हे करायचं नाही. पाचेक मिनिटांत काळेपणा उठून येतो. मग नळाखाली धुवा, सुती फडक्यानं कोरडं करा, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा, सोबत खडूचा तुकडा टाका, दमट हवा तो ओढून घेतो. रबरबँड लावू नका. लोकरीत गुंडाळू नका.

हे ऐकून बायका म्हणतात, काकू, तुमच्या हाताला गुण आहे. मी हसते. करून करून भागली अन् देवपूजेला लागली, ही म्हण त्यांना माहीत असते, पण माझ्याकडे बघून ती कुणाला का आठवावी?

उकळतं पाणी ओतलं की त्या भांड्यातून एक वास येतो. अगदी किंचित. उकडलेल्या अंड्याचा. बायका नाकाला पदर लावतात, हसतात. मी खिडकी उघडायला वळते – दर वेळी. माझा चेहरा त्यांना दिसू नये म्हणून.

आता सांगतेच.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात होती. आम्ही तेव्हा ॲन आर्बरला होतो. अरुणची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, पीएच.डी. चालली होती. विद्यापीठानं लग्न झालेल्या विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या घरांत आम्ही राहायचो – दोन खोल्या, भिंती इतक्या पातळ की शेजारचा खोकला आपलाच वाटावा. मी नागपूरची, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, वर्गात पहिली आलेली. आणि इथे? नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको. नोकरी करायची परवानगी नाही. सहावा महिना चालू. बाहेर गुडघ्याएवढा बर्फ.

बाळंतपणाला माझी आई येणार होती. तिला व्हिसा मिळाला नाही. सासूबाईंना मिळाला. बस – माझा सगळा राग तिथून सुरू झाला. यात त्या बिचारीचा काय दोष? काहीच नाही. पण राग कुणाचा दोष बघून येतो का?

सासूबाई मिरजेहून आल्या. सासऱ्यांना आम्ही दादा म्हणायचो, ते धाकट्या दिरांबरोबर तिकडेच राहिले. लग्नानंतर सासूबाई दादांना सोडून पहिल्यांदाच एवढ्या लांब आल्या होत्या, आणि आल्या त्या एकाच कारणासाठी. त्यांना नातवंड हवं होतं. हे पहिलंच. बॅगेत स्वतःच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली दुपटी, धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. वेखंड, बाळंतशेपा, डिंक. आणि दुपारी माझं आवरून झालं की त्या भिंतीला टेकून, पाय लांब करून कार्पेटवर बसायच्या, पायांवर उशी आडवी घ्यायच्या आणि तिला न्हाऊ घालायच्या. खरंच. आधी पालथं, मग उताणं, मग नाकाला डोळ्याला हलका हात. म्हणायच्या, सवय मोडलीय ग, अरुणनंतर कुणाला घातलं नाही. धाकट्याच्या वेळी मी अंथरुणाला खिळले होते, ते सुख जावेनं घेतलं.

मला ते बघवायचं नाही. ते मूल माझ्या पोटात होतं आणि त्यांच्या पायांवर आधीच झोपलं होतं.

त्या वाईट नव्हत्या. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण या जागी आलं की सासूला थोडं वाईट रंगवायचा मोह होतो. त्या प्रेमळ होत्या. गुदमरून टाकणाऱ्या होत्या, पण प्रेमळच. केस धुवू नकोस, बर्फात जाऊ नकोस, हात वर करून कपडे वाळत घालू नकोस. अरुण तर घरात आला की दहा वर्षांचा व्हायचा आणि आईच्या हातचा पहिला घास उभ्यानंच खायचा. माझ्याच घरात मी पाहुणी झाले होते.

आता जोडव्यांचं. जोडवी म्हणजे चांदीची, सवाष्णीच्या पायातली, एकदा चढली की काढायची नाहीत. सासूबाईंचा त्यात आणखी एक नेम होता. घासायला काढायचीच झाली तर एका वेळी एकाच पायातली. दोन्ही पाय एकदम मोकळे करायचे नाहीत. केले तर काय होतं, ते त्या बोलायच्या नाहीत. तिथवर आल्या की थांबायच्या.

थंडीनं त्यांच्या टाचा फुटल्या, म्हणून अरुणनं जाड लोकरीचे मोजे आणले. मिरजेत पायमोजे फक्त आजारी माणूस घालतो. पण लेकानं आणलेले, म्हणून त्यांनी घातले, रात्रंदिवस. आणि थोड्याच दिवसांत त्यांची जोडवी काळी पडायला लागली.

त्या घाबरल्या. मला वाटलं होतं नुसत्या कुरकुरतील, पण त्या खऱ्या घाबरल्या. त्यांच्या आईची जोडवी म्हणे एका हिवाळ्यात अशीच पायातल्या पायात काळी पडली होती, आणि महिनाभरात वडील गेले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. पण लहानपणी पाहिलेलं असं डोक्यातून जात नाही.

मला म्हणाल्या, “तू रसायनशास्त्र शिकलीस ना ग? मग सांग, हे कशानं होतं?”

मला माहीत होतं. लोकरीत गंधक असतं, घामाची साथ मिळाली की चांदी काळी पडते. शाळेतल्या पोरालाही समजावून सांगता आलं असतं. मोजे बदला, सुती घाला, संपलं. त्यांनी मला विचारलं होतं, माझ्या शिक्षणाला विचारलं होतं – त्या देशात तोवर दुसऱ्या कुणी ते विचारलं नव्हतं. आणि मी काय म्हणाले? “काय माहीत. इथल्या हवेनं असेल.”

का? कारण घाबरलेल्या सासूबाई मला बऱ्या वाटल्या. त्या दिवशी त्या जरा गप्प होत्या. स्वयंपाकघरात मला जागा मिळाली. एवढंच कारण. याहून मोठं कारण सापडतं का, म्हणून मी पुष्कळ वर्षं शोधलं.

त्यांनी टूथपेस्टनं घासून जोडवी पांढरी केली, पुन्हा मोजे घातले, पुन्हा ती काळवंडली. असं काही दिवस चाललं. इथवरचं कुणाला सांगायचं झालं तर सांगता येईल. सून गप्प बसली – काय मोठंसं? पण मी नुसती गप्प बसले नाही.

क्लिनिकमधल्या नर्सनं सांगितलं होतं, तुझं रक्त कमी आहे, अंडी खा. सासूबाईंचे देव आमच्या कपाटाच्या वरच्या फळीवर बसले होते. त्यांनी स्पष्ट सांगितलं, देव आहेत तोवर या घरात अंडं शिजणार नाही. मी मग शेजारच्या कोरियन बाईकडे अंडी उकडून घ्यायला लागले. तिचं-माझं इंग्रजी सारखंच तुटकं, पण अंडं या विषयावर आमचं पूर्ण एकमत. ती अंडी मी तळघरातल्या लॉन्ड्री रूममध्ये बसून खायची. वॉशरच्या आवाजात, चोरासारखी, मीठ कागदाच्या पुडीत. एम.एस्सी.

एक दिवस माझ्या पिशवीत त्यांना दोन अंडी सापडली. पेपर टॉवेलमध्ये धरून, हात अंगापासून लांब ठेवून, मोज्यांवर सपाता चढवून त्या बर्फातून कचऱ्याच्या मोठ्या डब्यापर्यंत गेल्या. ती कोरियन बाई खिडकीतून बघत होती. परत येऊन भर दुपारी त्यांनी डोक्यावरून अंघोळ केली. आणि मला जेवायला वाढताना भातावर तुपाची धार धरून म्हणाल्या, बाळाला जे लागेल ते मी करून घालीन, पण हे नको. माझ्या डोक्यावरून हातही फिरवला. तो हात मला शिवीपेक्षा जास्त लागला.

संध्याकाळी मी अरुणपाशी रडले. तो म्हणाला, “जाऊ दे ना यार, एवढा इश्यू का करतेस? थोडेच दिवस तर आहेत.” थोडेच! बाळंतपणानंतर चार-सहा महिने त्या राहणार होत्या.

त्यानंतर एक-दोन दिवसांतच मी धुण्याची टोपली उचलली, तेव्हा सासूबाईंनी एका पायातली जोडवी काढून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, तू खाली निघालीच आहेस तर नीट घासून आण ग, माझ्यानं आता घासवत नाही. माझ्या कोटाच्या खिशात एक अंडं होतं. अजून गरम.

पुढचं मी आधी ठरवलं होतं का? हे मी स्वतःला फार वेळा विचारलं आहे. लॉन्ड्री रूममध्ये कुणी नव्हतं. माझ्या टोपलीत दह्याचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा होता, साबणाची पूड न्यायचा. रिकामा होता – पूड मी घरीच ओतून आले होते. म्हणजे ठरवलंच होतं, नाही का?

मी अंडं सोललं, पिवळा बलक डब्यात कुस्करला, त्यात जोडवी खुपसली आणि झाकण लावलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत चांदी काळी करणारा हा गंधकाचा वायू आम्ही मोठ्या उपकरणातून काढायचो. इथे एक अंडं पुरलं. वॉशरमधले कपडे होईपर्यंत मी डबा मांडीवर घेऊन बसले. पोटात बाळ हलत होतं. झाकण उघडलं तेव्हा जोडवी पिवळट झाली होती, मग मी थांबले, मग तपकिरी, आणि ड्रायरही थांबला तेव्हा – निळसर काळी. लोकरीच्या काळेपणासारखी नाही. विस्तवात पडून निघालेली असावीत तशी. मी ती साबणानं धुतली. हुंगून पाहिली. वास उरला नव्हता, याचा मला आनंद झाला. हो, आनंदच झाला.

वर आले. त्या पाय लांब करून बसल्या होत्या, पायांवर उशी. मी जोडवी त्यांच्या हातात दिली.

“आई, मी खूप घासलं. निघत नाही.”

त्यांनी पदरानं पुसून पाहिलं. मग थुंकी लावून पाहिलं. मग माझ्याकडे बघितलं. “निघतच नाही?”

“नाही.”

मी विचारच केला नाही, रागाच्या भरात होऊन गेलं, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसऱ्या पायातली काढून दिली. म्हणाल्या, यांचं तरी बघ. त्या वेळी मला राग नव्हता. चांगली झोप झाली होती, सकाळी पोहे खाल्ले होते. आणि मी शेजारणीकडे जाऊन अजून एक अंडं उकडून घेतलं.

आमच्या ओट्यावर फॉइल होती. सोडा होता. नळाला उकळतं म्हणावं असं गरम पाणी होतं. आजही बायकांना तेच तर सांगते मी – पाचेक मिनिटं लागतात.

अरुणनं मिरजेला ट्रंक कॉल लावला. शेजारच्या डॉक्टरांकडे फोन होता, तिथे दादांना बोलावून आणलं. लाइन अशी की समुद्राचाच आवाज येत होता. दादा ओरडत होते, मी ठणठणीत आहे, तू तिकडचं बघ. फोन ठेवल्यावर सासूबाई म्हणाल्या, आवाज किती बसलाय त्यांचा. ओरडणाऱ्याचा आवाज बसणारच, पण हे कोण सांगणार त्यांना? मी तिथेच उभी होते.

त्यांचं जेवण सुटलं. घास तोंडाशी नेऊन खाली ठेवायच्या. उशी घेऊन बसणं बंद झालं. अरुणनं समजावलं, चिडला, शेवटी तिकिटाची तारीख बदलून आणली. मी आठव्यात होते. डेट्रॉइटच्या विमानतळावर त्यांनी माझ्या पोटावर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाल्या, “मला माफ कर ग. तुला अशा वेळी टाकून चाललेय.”

त्या माझी माफी मागत होत्या. सपातांतून मोजे दिसत होते, आणि मोज्यांच्या आत ती जोडवी होती – मला दिसत नव्हती, पण मी तिथेच बघत होते. मी म्हटलं, असं काय बोलता आई, आमचं आम्ही बघू.

मीरा झाली. मला हवं होतं तसं घर मिळालं – शांत, माझं, देव नसलेलं. अंडी हवी तेवढी. अरुणनं नर्सकडून शिकून घेतलं आणि बाळाला निळ्या प्लॅस्टिकच्या टबात अंघोळ घालायला लागला. दुपटी मात्र मी वापरली. दुसरं काहीही तिच्या अंगाला इतकं मऊ लागायचं नाही. दादांचं पत्र आलं की तुमची आई उगाच धावत आली, मी बागेत खड्डे खणतो आहे. आम्ही हसलो. मीसुद्धा हसले.

मीरा चालायला-बोलायला लागली तेव्हा आम्ही मिरजेला गेलो. ॲन आर्बरहून निघाल्यापासून माझ्या मनात एकच – एकदा नात मांडीवर बसली की सगळं फिटलं. मी काही बोलायची गरजच उरणार नाही. किती सोयीचं, नाही?

सासूबाई दारात उभ्या होत्या. मीरानं फोटोत पाहिलेली आजी ओळखली आणि दोन्ही हात वर करून त्यांच्याकडे धावली. सासूबाईंनी आपले हात मागे नेले. पाठीमागे, पदराखाली, एकात एक घट्ट. आणि वाकून, हात तसेच ठेवून, तोंडानं म्हणाल्या, आली माझी बाय. मीरा थोडा वेळ हात वर करून उभी राहिली. मग तिनं ते खाली घेतले.

आम्ही महिनाभर होतो. सासूबाईंनी तिला रव्याचा लाडू केला, चिमणीची गोष्ट सांगितली, अंगणात तिच्यामागे फिरल्या. पण ती मांडीवर चढायला आली की त्या उठायच्या – कामं पडलीत ग बाई. न्हाऊ घालायला बाहेरची बाई लावली होती. तिनं मीराला पायांवर घेतलं की सासूबाई परसात निघून जायच्या. अरुणला फार लागलं. त्याला वाटलं, आपण परदेशात राहिलो म्हणून आई रुसली. आणि मला काय वाटलं? चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, यांना कळलंय. जोडवी बघून कुणीतरी सोनारानं सांगितलं असेल. माझा राग मुलीवर काढताहेत. मी मनातून त्यांना नावंसुद्धा ठेवली.

एका दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. मीरा आतल्या खोलीत झोपली होती. सासूबाई आपणहून म्हणाल्या, तुला वाईट वाटत असेल ना? मी ताट बघत राहिले. मग त्यांनी सांगितलं. परत आल्या तेव्हा घरी जायच्या आधी, सामानासकट त्या देवीच्या देवळात गेल्या होत्या. दादांच्या जिवासाठी नवस बोलल्या. काशीला गेलं की माणसं आवडती भाजी सोडतात, आवडतं फळ सोडतात. त्या म्हणाल्या, “भोपळा सोडून का देव फसतो? जे सगळ्यात आवडतं तेच सोडायचं असतं. मी म्हटलं, यांना राहू दे, नातवंडाला मी मांडीवर घेणार नाही.”

मी तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

“आणि घरी येऊन बंबातली राख लावली, तर काय सांगू, पहिल्या हातासरशी निघालं बघ. तुझ्यानं एवढं घासून निघालं नव्हतं.” त्यांनी पाय पुढे केले. जोडवी लखलखत होती. दोन्ही पायांतली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, “तू तेव्हा खोटा धीर दिला असतास तर मी तिथंच बसून राहिले असते. खरं बोललीस, उपकार झाले तुझे.”

आता ऐका, कारण मी इतका वेळ जे टाळते आहे ते अंडं नव्हे. ते हे आहे. मला एक वाक्य बोलायचं होतं. एकच – आई, ते मी केलं होतं. त्या मला मारत्या, हाकलून देत्या, अरुण माझं तोंड पुन्हा बघता ना. पण त्या उठल्या असत्या. आत गेल्या असत्या. झोपलेल्या पोरीला उचलून, पाय लांब करून, मांडीवर घेऊन बसल्या असत्या. मला ते स्पष्ट दिसत होतं, तुम्हाला हे अक्षर दिसतंय तितकं. दार उघडं होतं. मीराचा एक पाय दिसत होता.

मी म्हटलं, “चहा टाकते.” आणि उठले.

चहा चांगला झाला होता. त्या तसं म्हणाल्याही.

त्यानंतर आम्ही आणखी एकदा गेलो. मीरा तोवर शहाणी झाली होती. आजीच्या जवळ बसायची, पण मधे वीतभर जागा सोडून. कुणी सांगावं लागलं नाही. सासूबाई त्या रिकाम्या जागेकडे बघायच्या. मी बघायचे त्यांच्याकडे. रोज सकाळी मी ठरवायची आणि रोज काहीतरी काम निघायचं.

आम्ही न्यू जर्सीला आलो, आणि दशक संपता संपता एका सकाळी दिराचा फोन आला. सासूबाई गेल्या. झोपेतच. दादा ठणठणीत होते. अहेव गेली, असं भाग्य कुणाला मिळतं, असं म्हणे सगळी आळी म्हणत होती. जोडव्यांसकट त्यांना नेलं. सासूबाईंच्या हिशेबानं त्यांचं बोलणं देवीनं पूर्ण केलं होतं. आणि किंमत त्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत चुकती केली होती – कशाची किंमत? दादांना तर काहीच झालं नव्हतं. कधीच.

अरुण एकटा गेला. त्याला एअरपोर्टला सोडून येताना मीरा मागच्या सीटवर होती. मी रडत होते. तेव्हा ती पहिलीत होती आणि घरात आमच्याशी इंग्रजीच बोलायची. तिनं पुढे वाकून माझ्या खांद्याला हात लावला. तिला माझी समजूत काढायची होती.

“इट्स ओके, मॉम. शी नेव्हर लाइक्ड मी एनीवे.”

मी आरशात बघितलं. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. भात आवडत नाही, बर्फ आवडतो, आजीला मी आवडत नाही – तसं म्हणाली ती, माहीत असलेली गोष्ट सांगावी तसं. गाडी बाजूला घेता आली असती. पुढे एक एक्झिट होता, मग दुसरा. मी चालवत राहिले.

मीरा आता मोठी झाली आहे. तिला अजूनही तसंच वाटतं.